मशीन सुरू हाय ना?

लोकांच्या घरचे म्हणतात, पोराला हलकं काम मिळू दे. तू म्हणालीस, परत मशीनवर जा.

अजून राग आहे, आते. वर्ष झालं तुला जाऊन, तरी आहे.

आते म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई गेल्यावर भाईंदर पूर्वेच्या खोलीत मला आणि ताईला हिनेच वाढवलं.
स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला होती. समोर प्रेस मशीन धाडधाड पडायचं, ही खाली बसून पातेली पुसायची. केस पांढरे होईपर्यंत.

आमच्या घरात हळू कुणी बोललंच नाही.

मी आठवीतून सुटलो. वसई, सुरत, पुणे, कुठेच टिकलो नाही. आता कुवेतला हॉटेलच्या लाँड्रीत, कपडे सुकवायच्या मोठ्या ड्रायरवर. दिवसभर घूंऽऽऽ.

दुपारी तुझा फोन यायचा.

"मशीन सुरू हाय ना?"

"सुरू आहे. पळालो नाय अजून."

"बरं. तू काम कर. फोन राहू दे तसाच."

मग बोलणं बंद. पण कट नाही करायचीस. फोन चालूच माझ्या खिशात.

मला वाटायचं, पाळत ठेवते. सोबतचा बिहारी दोस्त खिशाकडे बघून हसायचा, "तेरी बुआ अभी तक ड्यूटी पे है क्या?"

मग मला कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलवर टाकलं. एसी, शांत. मी एकदम खूष. तुला सांगितलं.

"तिकडं कशाला गेलास? जा परत मशीनवर."

"आते, तिथे घाम निघतो माझा!"

"निघू दे."

त्यानंतर किती दिवस बोललो नाही आपण.

तिकडे तू नळ सोडून बसायला लागलीस. बादली भरून वाहतेय आणि तू बाजूला पाटावर. आपल्या बिल्डिंगमध्ये पाण्याची मारामारी, सेक्रेटरी ताईशी भांडायला आला. ताईने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोललीस.

कानात शिट्टी वाजते. कुकरसारखी, पण थांबतच नाही. कित्येक वर्षं. दुपारी घर रिकामं झालं की जास्त. नळाच्या आवाजात जरा दबते.

माझ्या ड्रायरच्या आवाजात सगळ्यात जास्त दबायची.

ताई कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ते म्हणाले, वय झालं की हे खूप जणांना असतं, सांगत नाहीत. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेलं, ऐकू कमी येतं, बीपी आहे, अशांना तर जास्तच. तुझ्या गुडघेदुखीच्या गोळ्या पण बघितल्या, काही गोळ्यांनी पण होतं म्हणे. कधी नुसता मळ साठलेला असतो, काढला की बरं वाटतं. तुझा मळ नव्हता.

"आधी का नाय सांगितलंस?" मी फोनवर ओरडलो.

"सांगून काय? तुला ऐकू येनार होती काय ती शिट्टी? येडी झाली म्हनला असता."

डॉक्टरांनी कानाचं मशीन सुचवलं. त्यांना काय म्हणालीस?
"हाय की माझं मशीन. कुवेतला."

मी सुपरवायझरला सांगून ड्रायरवर परत आलो. दोस्त म्हणाला, "पागल है क्या?"

एका दुपारी फोनमधून घोरण्याचा आवाज आला.

दोस्ताने खुणेनेच विचारलं. मी म्हटलं, "सो गई."

त्याने हात करून सगळ्या पोरांना गप्प केलं. मशीनं तशीच घुमत होती.

पुढे बीपीने गेलीस. कानाने माणूस जात नाही, नुसता झोपेला मुकतो.

आता मंदामावशीचं ऐक. तुझ्या शेजारी बसून पातेली पुसणारी, आपल्याच बिल्डिंगमधली. ताई सांगते, दुपारभर टीव्ही फुल लावून डोळे मिटून बसते. सून रिमोट लपवते. दोघींचं बोलणं बंद.

वहिनी, मावशीच्या सूनबाई, बिल्डिंगच्या ग्रुपवर तुम्ही पण हे वाचाल. रिमोट लपवू नका. मावशीला विचारा, कानात काय वाजतं का.

ताई, वर्षश्राद्धाला मोठं जेवण नको. आतेचं पान वाढ, बस. मावशीला त्याच डॉक्टरकडे ने. नाही म्हणेल. भांडून ने.

आते, जिथे असशील तिथे शांत असू दे. एकदम शांत.

फोन मी कट करत नाय. तू कर.

ताई, मावशीच्या तपासणीचे आणि रिक्षाचे पाठवतोय. साडेसहा हजार.