मामांचा उजेड आणि मामींचा आवाज

सूर्य सोडला तर उजेडाची इतकी वर्षं इमानाने चाकरी केलेला माणूस अख्ख्या हैदराबादेत दुसरा सापडायचा नाही, आणि खुद्द सूर्याच्या कामावरही आमच्या बायकोचे मामा फारसे खूश नसतात. "दुपारी बाराला डोक्यावर काय मारतो हो हा! माणसाच्या डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात," असं ते आकाशाकडे बघून म्हणतात, तेव्हा सूर्य हा त्यांच्या हाताखालचा नवशिका लाइटमन वाटतो. मामांनी तेलुगू सिनेमांच्या सेटवर उभा जन्म लाइट लावण्यात काढला. घराणं निजामाच्या काळापासून इथलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता ते सहज दख्खनी उर्दूत शिरतात. विद्यानगरच्या त्यांच्या घरी जेवायला बसलात, तर वरणावर खिडकीचा उजेड नीट पडावा म्हणून आधी तुमचं ताट फिरवतील, मग तुम्हाला. एका नातेवाइकाच्या मयताला गेले, तर तिथली हिरवट ट्यूबलाइट बंद करवली, पूर्वेची खिडकी उघडली आणि चौघांना हात लावायला लावून प्रेत हातभर सरकवलं. "अखेरचंच बघायचं ना? मग नीट दिसू द्या," मामा म्हणाले. त्या घरची बाई पुढे मला म्हणाली, "शेवटी हे आजारी दिसले नाहीत, तेवढं बरं झालं."

मी पुण्याचा, संगणकावर पोट भरायला इथे आलेला. चाळिशीत मला सिनेमा काढायची खाज सुटली. डिजिटल कॅमेरा घेतला, त्याच्याबरोबरचं पुस्तक पाठ केलं आणि मामांकडे शिकायला गेलो. मामांनी दोन महिने कॅमेरा पिशवीतून बाहेर काढू दिला नाही. स्टुलावर एक वांगं आणि एक स्टीलचा तांब्या ठेवायचे आणि म्हणायचे, "वांग्याचा काळा रंग मरू नये आणि तांब्यात तुमचं थोबाड दिसू नये. एवढं जमलं की या." जावई म्हणून मला अहोजाहो करत, पण त्या अहोजाहोत मावणार नाही असा अपमान मराठीत शिल्लक ठेवला नाही. "फिल्म चुकलेल्याला शिक्षा करायची, जावईबापू. हा तुमचा डिजिटल डबा माफ करत सुटतो, म्हणून तुम्ही सुधरत नाही." दिव्यासमोर बटर पेपर लावला की उजेड मऊ होतो हे मी शिकलो. तो दिव्याला चिकटवला की पेटतो, हे मी स्वतःहून शोधून काढलं. मामींनी त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "घर जाळायचं असलं की आधी सांगत जा हो, पापड तरी भाजून घेते."

मामींचं बोलणं असं. मामा सबंध दिवसात जेवढं बोलत, तेवढं त्या चहात साखर घालेपर्यंत बोलून मोकळ्या होत, आणि मामा त्यातल्या एकाही वाक्याला उत्तर देत नसत. त्याच मामींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन सोमवारी ठरलं. मुलगी परदेशात, तिला सातवा महिना. शनिवारी मामांनी फोन केला, "जावईबापू, कॅमेरा घेऊन या. येणाऱ्या लेकराला आजीचा आवाज ठेवायचा आहे."

रविवारी सकाळपासून मामा उजेड लावत होते. खिडकीला चादर, डावीकडे थर्माकोलचा पांढरा तक्ता, मागून केसांवर उजेडाची बारीकशी कड. मामींचा आवाज घोगरा झाला होता, पण जीभ शाबूत होती. एवढ्यात मामांना दिसलं की कॅमेऱ्याचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा मामींच्या चष्म्यात चमकतो आहे. त्यांनी त्यावर काळी पट्टी लावायला सांगितली, स्क्रीनही मिटायला लावला. मी तत्पर शिष्य, दोन्ही केलं. फक्त त्याआधी एकदा बटण दाबून बघितलं होतं आणि ते पुन्हा दाबायचं विसरलो होतो. म्हणजे नंतर मी 'सुरू' म्हणून दाबलं की कॅमेरा बंद पडत होता, आणि 'बंद' म्हणून दाबलं की सुरू होत होता. मामींनी दोन गोष्टी सांगितल्या, लग्नाची आणि लेकीच्या खोड्यांची, आणि शेवटी अंगाई म्हटली. मामा भिंतीला टेकून डोळे पुसत होते. मी मात्र फार कलात्मक चेहरा करून उभा होतो.

गुरुवारी घरी कार्ड संगणकाला लावलं तेव्हा कळलं. मामी तोवर दवाखान्यात होत्या, गळ्यात नळी. आता पुन्हा म्हणा असं सांगायची सोय राहिली नव्हती. व्हरांड्यात मामांना गाठलं. मला कुठल्याही प्रसंगी विनोद सुचतो; त्या दिवशी सुचला नाही.

"गोष्टी नाही आल्या, मामा. एकही नाही."

"मग काय आलंय?"

"मधलं. अकरा मिनिटं. बहुतेक तुमची पाठच आहे."

"पट्टी मीच लावायला सांगितली," मामा एवढंच म्हणाले आणि आत गेले. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दीड महिना मी तिकडे फिरकलो नाही. मग बायकोने ढकलूनच पाठवलं. दिवसाढवळ्या ट्यूबलाइट जळत होती आणि मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. टीव्हीवर मी बायकोच्या हाती पाठवलेली ती अकरा मिनिटं चालू होती. मामांची भली मोठी पाठ, बगलेतून मामींचं अर्धं नाक, आणि आवाज: "अहो, मान अवघडली. नवरी आहे का मी, किती सजवता? तो चहा गार होतोय, आधी प्या बरं." पडद्यावरचे मामा नेहमीसारखे गप्प, तक्ता सरकवत असलेले.

"हौ, पितो, पितो," खुर्चीतले मामा म्हणाले.

"मुलीला पाठवलंत?" मी भीत भीत विचारलं.

"पाठवलं. लेकराला आजीची बोलणीच आधी ऐकू जाणार."

शेजारी मामी गळ्याला रुमाल बांधून बसल्या होत्या. त्यांनी मामांच्या गुडघ्यावर चापटी मारली आणि ओठांनीच भराभर काहीतरी म्हणाल्या. मला एक अक्षर कळलं नाही.

"बरं बाई, कमी करतो," मामा म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज जरासा कमी करून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.