ल्युब्लियानातली ‘वर’ची जुडी

आमच्या घरात लिंबू-मिरची येते ती खायला, दाराला टांगायला नाही. ह्या ग्रुपवरचे असे गूढ अनुभवही मी आजवर चहाबरोबरची करमणूक म्हणूनच वाचले. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

मी कोथरूडला राहते, निवृत्त शिक्षिका. माझी धाकटी जाऊ मुग्धा शेजारच्याच सोसायटीत. यंदा मे महिन्यात ती एकटी महिनाभर ल्युब्लियानाला गेली — स्लोव्हेनियाची राजधानी. मलाही नकाशात शोधावी लागली.

“पॅरिस-बिरिस सगळेच करतात हो वहिनी. मला स्लो ट्रॅव्हल करायचंय. एकाच गावात राहायचं, भाजी आणायची, नदीकाठी बसायचं.”

“भाजी आणायला एवढ्या लांब? मंडई काय वाईट आहे?” मी म्हटलं.

जळले मी, सरळ सांगते. माझा पासपोर्ट काढून नऊ वर्षं झाली, त्यावर एक शिक्का नाही. आधी सासूबाईंचं आजारपण, मग ह्यांचे गुडघे. मुग्धाने “चला बरोबर” म्हटलं असतं तरी मी नाहीच म्हणणार होते. पण विचारायला काय जात होतं?

रोज फॅमिली ग्रुपवर फोटो. हिरवी नदी, पूल, कॉफीचा कप. मी प्रत्येकाला अंगठा द्यायची आणि फोन पालथा ठेवायची. जेवून दीडला आडवी झाले की डोळ्यांपुढे भाजीबाजार यायचा. तिच्या फोटोंत बाजार कधीच नव्हता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. उठल्यावर बोटांना वास असायचा... कोथिंबिरीसारखा, पण कोथिंबीर नव्हे.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुग्धा घरी आली. चॉकलेटं दिली आणि थेट विचारलं,

“वहिनी, तुमची भाजीची पिशवी कुठाय? तिला हिरवं ठिगळ आहे का?”

जुन्या पडद्याच्या दोन पिशव्या मी शिवल्या होत्या, एक तिला दिली होती. माझी स्वयंपाकघरात खुंटीला होती. तिने ती फिरवून पाहिली आणि ठिगळावर बोट ठेवलं.

“हे कधी लावलंत?”

“तू गेल्यावर. दुसऱ्या आठवड्यात फाटली. का गं?”

मग तिने सांगितलं. तीन आठवडे ती सुपरमार्केटातूनच आणत होती (भाजी आणायला गेलेली बाई!). शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा तिथल्या भाजीबाजारात गेली, तर एका भाजीवाल्या म्हातारीने पिशवी ओळखली. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, तुमच्याकडची ती दुसरी बाई रोज दहाला येते. चष्म्याला दोरी. सगळे टोमॅटो दाबून बघते आणि फुकट पाला मागते. आज पिशवीचं हिरवं ठिगळ कुठे गेलं? मग हसून तिने एक जुडी पिशवीत टाकली आणि म्हणाली — “वर!”

“म्हणजे काय त्यांच्या भाषेत?” मी विचारलं.

“त्यांच्या नाही हो, आपल्या! तुम्ही मंडईत म्हणता ना, ‘थोडी कोथिंबीर घाला की वर’... ते वर.”

तिथले दहा म्हणजे आपले दीड.

तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. आत वाळलेली जुडी, पार्सली म्हणे. मी हुंगली. तोच वास.

मग मुग्धा जरा तुटकपणे म्हणाली, “महिनाभर मी राहिले, पण तिथे ओळखतात तुम्हाला.”

तो सूर मी बरोबर ओळखला. महिनाभर माझाच होता तो. घाबरायला हवं होतं खरं तर, पण मला फार बरं वाटलं... अगदी गार वाटलं.

ह्यांचं म्हणणं, मुग्धा चेष्टा करतेय. मग ठिगळाचं तिला तिकडे कसं कळलं? ह्यावर हे पेपर उघडतात.

एवढं मात्र खरं की, त्या दिवसापासून तो बाजार पुन्हा दिसला नाही. जळणं थांबलं म्हणून की काय, कोण जाणे. आता मी दुपारी पिशवी उशाशी घेऊन झोपते. उठले की आधी बोटं हुंगते. साबणाचा वास येतो.