या घासापुरती

आमच्या खालच्या मजल्यावरचे डॉक्टर गाठींचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात. या माणसाला सरळ उत्तर म्हणून देता येत नाही. शेंगाचटणी तिखट आहे का विचारलं, तर जिभेवर घोळवून म्हणतात, "या घासापुरती आहे."

पूर्वी मला हसू यायचं. मग माझ्या दिरांच्या छातीत, थायमस ग्रंथीत गाठ निघाली आणि तिचा तुकडा नेमका यांच्याच टेबलावर गेला.

दीर अक्कलकोटहून आले होते. "कॅन्सर हाय का न्हाय, तेवढंच सांगा की."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, परत घातला. "या तुकड्यापुरती जात सौम्य दिसते. पण ही गाठ एका कोपऱ्यात एका जातीची असते, दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्या. पूर्ण काढल्याशिवाय मी नाव देणार नाही."

"लोक आडनावावरून माणसाची जात सांगतात," मी ओरडले, "आणि तुम्हाला एवढी मशिनं घेऊन गाठीची सांगता येईना?"

"नाही येत," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. अख्ख्या गाठीत एका कडेला वाईट जात निघाली. सांगायला ते स्वतः जिना चढून आले. "मी म्हणालो होतो" असं काही म्हणाले नाहीत, त्याचाही मला रागच आला. आधी साधी आहे म्हणून खोटं बोलले असते, तर तोवर आम्ही सुखानं जेवलो तरी असतो.

काल जिन्यात त्यांनी विचारलं, "दीर कसे आहेत?"

"आजच्यापुरते बरे आहेत," मी म्हणाले आणि दार आपटलं.