सातवीला विचारलेला प्रश्न

परिपाठ झाला तरी पोरांना वर्गात सोडलं नाही. सगळी शाळा उन्हात उभी. शाळा समितीचे अध्यक्ष माझ्यासमोर आले, आपल्या लेकीचं मनगट धरून. वैष्णवी, माझ्या सातवीच्या वर्गातली. डोळे सुजलेले.

"मॅडम, पोरगी खोटं बोलली म्हणून सांगा. ह्या लेकरांसमोर. मंग आमचं काय म्हणणं न्हाई."

आदल्या दिवशी नागरिकशास्त्राच्या तासाला मी समानतेचा धडा घेत होते. विचारलं, तुमच्या घरात कुणाला वेगळं वागवतात का? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग वैष्णवी उठली आणि सरळ मनानं म्हणाली, "मॅडम, तुमी चहा पेता ती कपबशी आमी गोठ्यात ठेवतोत."

मी बौद्ध. पालमजवळच्या या गावात नोकरीला लागल्यापासून पटनोंदणीसाठी घरोघर फिरते. अध्यक्षांच्या ओसरीवर दरवेळी चहा होतो. त्यांच्या घरच्या काकू स्वतः आणून देतात. मला वाटायचं, मी शिकले, शिक्षिका झाले, म्हणून हा मान आहे. आईला कौतुकानं सांगितलंही होतं. वैष्णवी बोलली तेव्हा अंगाची आग झाली.

मुख्याध्यापक सर कानाशी आले. "एक वाक्य हाय, मॅडम. बोलून टाका. आपल्याला इथंच राहायचंय."

वैष्णवी माझ्याकडं बघत होती. मी मान डोलावली असती तर खरं बोलल्याबद्दल ती जन्मभर खोटारडी ठरली असती.

"ती खरं बोलली," मी म्हणाले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

अध्यक्षांनी तिला तिथूनच ओढत नेलं. आता ती सेलूला मामाकडं शिकते म्हणतात. तिच्यामागं आणखी काही पोरांची नावं घरच्यांनी शाळेतून काढली. उरलेल्यांना काही विचारलं की खाली बघतात. गप्प राहायचं असतं, हे ती पोरं शिकली. गाव बदलेल असं मला वाटत नाही. उगाच कशाला खोटी आशा दाखवू?

बदली मागून घ्या, असं रोज कुणीतरी सुचवतं. मी मागणार नाही. पाठवायचं तर शिक्षण खात्यानं पाठवावं. माझी चौकशी लागलीय. वर्गात असा प्रश्न का विचारला, याचा लेखी खुलासा मागितलाय. त्यात माफीचा शब्द नसेल. प्रश्न मी विचारला होता, आणि जिथं पाठवाल तिथल्या वर्गालाही विचारणार आहे, एवढंच लिहून खाली सही करणार.