सुनीताताईंचा लॅपटॉप उठेना

कापसाच्या जिनिंगमधून घरी येणाऱ्याच्या अंगाला रुई चिकटते, तसे पांढरकवड्याला गजूभाऊच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसणाऱ्याला किस्से चिकटतात. झटकले तरी दोन-चार घरी येतातच! हा मात्र शंभर टक्के खरा, आईशपथ. म्हणजे ऐंशी टक्के धरा. मी सांगतोय म्हटल्यावर तेवढी सूट लागतेच.

* * *

कापसाला कोणी विचारत नव्हतं, ती वर्षं. विकतचं सॉफ्टवेअर कोण घेणार? गजूभाऊ येईल त्याला लिनक्स टाकून द्यायचा. "फुकट हाय, अन् व्हायरस लागत नाही!"

कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, म्हणजे पोडावरच्या, शाळेत शिकवणाऱ्या सुनीताताईंचा जुना लॅपटॉप त्यानं असाच लिनक्स टाकायला घेतला. त्यात ताईंच्या वारलेल्या आईनं गायलेली कोलामी गाणी होती. दुसरी कॉपी कुठेच नाही.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चढलं. गजूभाऊनं पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ!

"माह्या मायचे गाणे कुठी गेले, गजूभाऊ?"

"आतच हायेत ताई. फक्त दार उघडून नाही राह्यलं."

* * *

बातमी गल्लीभर. समोरचा चहावाला म्हणाला, "उतारावर नेऊन धक्का मारा ना! माहा ट्रॅक्टर तसाच सुरू होते."

मी म्हटलं, "लिंबू-मिरची बांधा."

गजूभाऊनं बांधली!

* * *

मग नागपूरच्या एका तज्ज्ञाला फोन लावला. स्पीकरवर तो म्हणाला, "सगळं फॉरमॅट करून नव्यानं टाका. पाच मिनिटांचं काम."

ताईंनी फोन ओढला. "साहेब, त्याच पाच मिनिटांत तुमच्या मायचा आवाज पुसा, अन् कसं वाटते ते मले सांगा!"

पलीकडून फोन कट.

* * *

हायवेवरचा ट्रकवाला रफीकभाई हैदराबादची फेरी मारून आला. लिनक्सवाला पेनड्राइव्ह गजूभाऊनं त्यालाच जाताना दिला होता, सिनेमाची गाणी भरून. रफीकभाईनं टेबलावर दिसला तो, ताईंचाच, लॅपटॉप ओढला, पेनड्राइव्ह खुपसला, बटण दाबलं.

"गजू, इसमें और गाने भर दे."

लॅपटॉप सुरू!

गजूभाऊनं कपाळावर हात मारला. लॅपटॉपला जागं करणारा प्रोग्राम त्यानं चुकून पेनड्राइव्हवरच टाकला होता. "म्हंजे इंजिन इथी, अन् हँडल हैदराबादले फिरून राह्यलतं!"

आधी ताईंच्या आईची गाणी सीडीवर उतरवली. मग एक कमांड मारून हँडल लॅपटॉपात बसवलं. पेनड्राइव्ह काढला, तरी सुरू! रफीकभाई विचारत राहिला, "अरे, मैंने किया क्या?"

* * *

संध्याकाळी आम्ही लॅपटॉप घेऊन पोडावर गेलो. ताईंची आत्या पडद्याकडे न बघता नुसता कान लावून बसली. भावजयीचा आवाज आला. आत्या कोलामीत म्हणाली, "सूर चुकून राह्यली. लगनाच्या दिवशीही अशीच गायली होती!" सगळं पोड हसलं.

गाण्याच्या मधोमध बॅटरी संपली. पोडावर लाईट नव्हतीच. आवाज तुटला. आत्यानं पुढची ओळ उचलली. मग शेजारणीनं, मग ताईंनी.

आता ऐंशी टक्क्यांचं सांगून टाकतो. सूर चुकल्याचं आत्या बोललीच नाही, ते मी घातलं.

बॅटरी मात्र खरंच संपली होती.