म्हाळसाबाईनं जात्याचा खुंटा काढून ठेवला तेव्हा

तेर गावात पिठाची गिरणी होती, तरी आमच्या गल्लीतल्या बाया म्हाळसाबाईकडं दळायला जायच्या, असं आपलं म्हणायचं. पायलीभर जोंधळा न्यायचा, एकाच खुंट्याला दोघींनी हात घालायचा आणि घरघर सुरू झाली की मनातलं ओकायचं. त्या आवाजात एक अक्षर बाहेर फुटत नसे. भिंतीला कान लावून बसणाऱ्यांचे कान तेवढे दुखले. म्हाळसाबाईचा सल्ला तरी काय मोठा? "समद्यांच्याच मनात येतं गं तसं." पण बाई हलकी होऊन घरी जायची.

सत्तावन्न सालच्या आखाडात फ्लूची साथ आली. दवंडी फिरली, जवळ बसून बोलू नका. म्हाळसाबाईनं खुंटा काढून कोनाड्यात ठेवला. बाया काही थांबेनात. मग तिनं तोड काढली: आपण उंबऱ्यात बसायचं, बाईनं गल्लीपलीकडच्या ओट्यावर. चार दिवस बरे गेले, कारण आल्या त्या काढा विचारायला.

पाचव्या दिवशी शरणबसप्पाची बायको इरम्मा आली. तिची सासू सिताबाई म्हाळसाबाईच्या शेजारच्याच घरात आठ दिवस तापानं पडलेली. इरम्मा काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल की, ऐकू येईना."

इरम्मानं इकडंतिकडं बघितलं, पुन्हा ओठ हलवले.

"अगं, तोंडातल्या तोंडात काय बोलतीस? कोण हाय इथं ऐकायला?"

"मावशी, मनात येतं, सासूबाई गेल्या तर बरं हुईल!"

गल्लीतला बब्रुवान समोर दोरी वळत होता, त्याचे हात थांबले. पलीकडची भांडी थांबली. सिताबाईच्या खिडकीतून खोकला येत होता, तोही थांबला.

म्हाळसाबाईच्या ओठावर नेहमीचं वाक्य आलं होतं. पण सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती, ही शहाणी आता काय बोलते म्हणून.

"शिव शिव! सासू म्हंजी आई. जीभ कशी वळली गं तुझी?"

"वा म्हाळसाकाकू, लाखमोलाचं बोललात!" बब्रुवान म्हणाला. इरम्मा तोंडावर पदर ओढून घरात गेली.

ती वाहवा म्हाळसाबाईच्या घशाखाली उतरेना. दोन दिवस भाकरीही उतरली नाही. तिसऱ्या दिवशी सिताबाई उठून ओसरीवर बसलेली दिसली, तशी ती गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बोलली ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सिताबाई, माझी सासू पटकीच्या साथीत पडली तवा म्या सोनारीच्या काळभैरवाला नवस बोलले हुते, म्हातारीला ने म्हणून. आन् परवा तुमच्या सुनेला आई शिकवली. मला लाज वाटती."

"मग? नेली का देवानं?" सिताबाईनं विचारलं.

"कुठलं! अकरा वर्षं जगली. पाय म्याच दाबले."

बब्रुवान खो खो हसला. सिताबाईही खोकला येईस्तोवर हसली. इरम्मा दळणाची टोपली घेऊन बाहेर आली होती. ती हसली नाही.

"मावशी, हे त्या दिवशी बोलायचं हुतं."

"व्हय गं," म्हाळसाबाई म्हणाली.

इरम्मानं टोपली डोक्यावर घेतली आणि म्हाळसाबाईच्या दाराकडं न बघता गिरणीची वाट धरली.