जेवणं झाल्यावर

डॉक्टरचं ऐकलं नाही म्हणून माणसं दगावतात असं म्हणतात. आमच्या थोरल्या वन्सं डॉक्टरचा शब्द न् शब्द पाळून मरता मरता वाचल्या. असं दुसरं माणूस बीड जिल्ह्यात तरी कुणी मला शोधून दाखवावं.

माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन पालीला माहेरी परतल्या आणि तेव्हापासून चूल त्यांच्या हाती. आधी गडीमाणसं जेवणार, मग पोरं, मग पाहुणेरावळे, मग गोठा, मग मांजर. आणि मांजरानं मिशा पुसल्या की वन्सं. मी नवी सून होते तेव्हा मला त्या थेट तपस्विनी वाटायच्या. मी स्वतः पदराच्या गाठीत शेंगदाणे बांधून ठेवायची, चुलीच्या धुरात तोंड लपवून एकेक खायची, आणि मनातल्या मनात त्यांच्या पाया पडायची. अक्कल बघा माझी: मला वाटायचं, या बाईला भूकच लागत नाही.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. पंखा दमतो म्हणून भर उन्हाळ्यात दुपारी त्याला विसावा देतात. परळीच्या भाच्याशी फोनवर ओरडून बोलतात आणि बीडला राहणाऱ्या माझ्याशी कुजबुजत, कारण ‘बीड जवळ हाय’. अशा बाईला संधिवात झाला. गुडघे सुजले, तेव्हा मीच त्यांना बीडला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोर तरुण, पण समजावून सांगणारी. आधी रक्तदाबाच्या गोळीची चौकशी केली, मग सूज उतरायची गोळी दिली. रोज एकच घ्यायची, जेवणं झाल्यावर. सोबत दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी नको. चक्कर आली किंवा शौचाला काळं झालं तर गोळी बंद करून लगेच यायचं. वन्सं कीर्तनाला बसल्यासारख्या माना डोलावत होत्या. एकच शंका त्यांनी काढली, की एका गोळीत दोन गुडघे कसे भागायचे.

ती शंका त्यांनी घरी जाऊन स्वतःच फेडली. गोळी घेतली की घटकाभर उजव्या कुशीवर आणि घटकाभर डाव्या. औषधाची वाटणी सारखी व्हावी म्हणून. शेजारणीनं विरजण मागावं तशी एक गोळी मागितली, तर म्हणाल्या, “तुझ्या गुडघ्याची अन् डॉक्टरीणबाईची वळख हाय का?” मी फोनवर हे ऐकून हसले, आणि निर्धास्त झाले. तिथंच चुकलं.

नारायणगडाची यात्रा आली. गडावर स्वतःच्या पायानं जायचं एवढाच त्यांचा हट्ट होता. मी त्यांना घ्यायला पालीला गेले, तर वन्सं चौकट धरून उभ्या. चेहरा चुलीतल्या राखेसारखा. म्हणे ऊन लागलं. शौचाला काळं होतंय का, असं विचारलं तर इकडंतिकडं बघू लागल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, “ते मिसरीचं हाय. थुंकायचं ऱ्हातं, पोटात जाती.”

मिसरी त्या जन्मभर लावत आल्या, तेव्हा कधी काळं झालं नव्हतं.

“वन्सं, गोळी कधी घेता?”

“जेवणं झाल्यावर. तिनंच सांगितलं न्हाई का?”

“कुणाची जेवणं?”

“समद्यांची.”

“आन् तुमचं?”

“माझं मंग. भांडी झाल्यावर. उरलं तर.”

जीपमध्ये मी त्यांचा हात सोडला नाही. तो गार पडत चालला होता, आणि या बाईला घोर कसला, तर ड्रायव्हरला चहा दिला नाही याचा. मी बडबडत राहिले, त्यांनी डोळे मिटू नयेत म्हणून. दवाखान्यात कळलं, उपाशी पोटी घेतलेल्या गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त जात होतं. रक्त चढवावं लागलं. थोड्या सावरल्या तेव्हा डॉक्टरीणबाई कॉटवर टेकून म्हणाली, “आजी, मी तुमच्या जेवणाचं सांगत होते हो.”

वन्संना खरोखर नवल वाटलं. “एकटीच्या खाण्याला जेवणं म्हणत्यात का, ताई?”



ती गोळी आता कायमची बंद आहे. गुडघ्याला शेक आणि मलम. फारच दुखलं तर डॉक्टरीणबाईला विचारूनच काही घ्यायचं. पोटाचं औषध चालू आहे, आणि जेवण वेळेवर, म्हणजे सगळ्यांच्या आधी. गुडघे दुखतातच. गडाला यंदा त्यांनी अंगणातूनच हात जोडले.

परवा गेले तर वन्सं दाराआड भिंतीकडे तोंड करून, चोरी केल्यासारख्या, भाकरी खात होत्या. बाहेर पुरुष अजून जेवायचे होते. मी शेजारी बसले.

“तुझ्या पदराला शेंगदाने असायचे,” त्या भिंतीला म्हणाल्या. “मला ठावं हुतं.”

“मग रागावला कावून न्हाई?”

“वास लई चांगला यायचा गं.”

त्यांनी भाकरीचा कोर मोडून माझ्याकडे सरकवला.

हल्ली पालीला निघाले की मी पदराला गाठ मारते. शेंगदाणे खरपूस भाजलेले, फोलपटं काढलेले. कुटून नेते, वन्संना आता दात राहिले नाहीत.